न गंजणारी कात्री

आमच्या घरात दोन कात्र्या होत्या आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नसे. एक आईची, विड्यांसाठी तेंदूची पानं कापायची. सिन्नरच्या बाजारातून आलेली, काळीकुट्ट, कड्यांना चिंध्या गुंडाळलेली आणि सकाळपासून खर्र खर्र करत बडबडणारी. दुसरी माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची. ती थेट जपानची. ती ‘चिक्क’ म्हणे, तेही एकदाच, खानदानी सुनेनं घसा साफ करावा तसं. आईच्या कात्रीनं कापलेली पानं एकापुढे एक मांडली असती तर आमच्या दारापासून मुंबईच्या समुद्रापर्यंत हिरवा रस्ता झाला असता. हा अंदाज माझा आहे, आणि माझ्या अंदाजांवर वसाहतीत कुणाचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. ‘सुमी म्हणत होती’ असं कुणी सुरू केलं की ऐकणारा त्यातलं बारा आणे फेकून द्यायचा आणि उरलेलं चाळून घ्यायचा. आई म्हणायची, “सुमे, दोन कात्र्या घरात हायत त्या हायत, ही तिसरी तुझ्या तोंडात कुणी बसवली गं?”

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, तोंड पांडवलेण्यांच्या डोंगराकडे. आई उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि पानाचं माप म्हणून एक पत्र्याचा चौकोनी तुकडा. पानावर तुकडा ठेवायचा, चार बाजूंनी खर्र खर्र फिरायचं, की एका विडीपुरतं पान तयार. भाकरी, लसणाची चटणी, रविवारी बोंबलाचं कालवण, सगळ्याला तंबाखूचा वास. आमच्याकडे आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग ‘जय भीम’ म्हणायचा. आईला मात्र शिंक येत नसे. तिला खोकला यायचा, आणि तो आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो ऐकूच येईनासा झाला होता. आता माझ्या फ्लॅटमध्ये कुणी नुसता घसा खाकरला तरी मी उठून बसते. उशिरा आलेल्या शहाणपणाचा उपयोग एवढाच.

जपानी कात्री आमच्याकडे आली ती एका भंतेंमुळे. लेणी पाहायला म्हणून जपानचे एक म्हातारे भिक्खू आले आणि आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने राहिले. नाव उच्चारता येईना म्हणून सगळे त्यांना जपानी भंते म्हणायचे. त्यांना हिंदीचे पन्नास शब्द येत, त्यातले पंचवीस चुकीच्या लिंगात. पण हातात कात्री आली की माणूस वेगळा. विहारापुढची मेंदी, जिच्यात आमच्या वसाहतीच्या चार शेळ्या आणि एक पोस्टमन हरवला होता असं मी छातीठोकपणे सांगायची, ती त्यांनी आठवड्यात माणसात आणली. दादा माळीकाम करायचे, गंगापूर रोडच्या एका वकिलांच्या बंगल्यात. तीसेक वर्षांचा माणूस, गुलाबाचा डोळा भरण्यात, म्हणजे कलम बांधण्यात, त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ते कामावरून येताना विहाराशी थांबायचे आणि भंतेंच्या हातांकडे बघत उभे राहायचे. भंते माळ्याच्याच घरचे निघाले. कात्री त्यांच्या मामानं घडवलेली होती, भट्टीत तापवून, हातोड्यानं ठोकून; एकेका पात्यावर हातोड्याच्या खुणा, कड्या फुलपाखराच्या पंखांसारख्या.

जाताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दादांपुढे धरली. दादांनी दोन्ही हातांनी घेतली. “पानी दुश्मन है,” भंते म्हणाले. “खट्टा बडा दुश्मन है. रोज पोंछना. जब तक पोंछेगा, तब तक तुम्हारा.” बस. ना फोटो, ना भाषण. आमच्या वसाहतीत साधी बादली कुणी कुणाला दिली तरी हारतुरे व्हायचे, म्हणून ती गोष्ट सगळ्यांना फार मोठी वाटली.

मग दादांचं आणि तिचं जे सुरू झालं त्याला आई ‘भंतेंनी आणलेली सवत’ म्हणायची. कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी कात्री. पात्यावरचा चीक आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पाती जोडणाऱ्या खिळ्यावर, एक पात्यांवर, आणि मग तेलकट फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात. रविवारी धार. गोदावरीतून आणलेला एक सपाट काळा दगड होता, त्यावर पाणी शिंपडून ते पातं फिरवायचे, पण फक्त बाहेरच्या उताराच्या अंगानं. आतलं अंग दगडाला लावायचं नाही, मेलं तरी नाही. कारण ते अंग किंचित पोखरलेलं असतं. दोन पाती फक्त धारेवर भेटतात, मध्ये जागा सोडतात. दादा मिटलेली कात्री माझ्या डोळ्यांपाशी धरायचे. “दिसतो का उजेड?” पात्यांमधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसायची. “ही रेघ गेली की कात्री गेली. लई चिकटून बसलं तरी कापता येत नाही, सुमे.” आणि आपली झाली की ते आईपुढे हात पसरायचे. आई न बोलता चिंध्यांची कात्री त्यांच्या हातात द्यायची. तिलाही तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, तेवढंच तेल. माझ्या आईवडिलांना हातात हात घेतलेलं मी जन्मात पाहिलं नाही. हे पाहिलं.

आता बंगला. वकीलसाहेब कोर्टात, मुलं पुण्यात, आणि काकू एकट्या, अडीचशे गुलाबांसोबत. (नव्वद असतील.) सुट्टीच्या दिवशी मी दादांबरोबर जायची आणि व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर बसून काकूंना गोष्टी सांगायची. काकू वरच्या पायरीवर. त्या मनानं फार चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणते. मला लाडू द्यायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या, ‘पुढे काय झालं गं?’ विचारायच्या, आणि असं विचारणारं माणूस मिळालं तर मी आगगाडी उडवून दाखवली असती. आम्हाला चहा मिळे. आमचे कप वेगळे होते, न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात उपडे ठेवलेले. पिऊन झाला की दादा ते विसळून परत तिथंच ठेवायचे. त्याबद्दल ना काकू काही बोलल्या, ना दादा. मला तर ते कप आमच्या मालकीचे वाटायचे.

काकूंना मी कात्रीची गोष्ट सांगितली. जपानच्या राजाची तलवार होती. राजा जहाजासकट बुडाला. तलवार सात वर्षं समुद्राच्या तळाशी. वर काढली तर अशी झळझळीत, की मासे तिच्यात तोंड बघून गेले होते. मग तिची कात्री केली. तिच्यावर बसलेली माशी दोन माश्या होऊन उडते. आणि ती कधीच गंजत नाही. काकू हसून हसून लाल झाल्या. “खरंच गंजत नाही?” “काकू, समुद्र हरला तिच्यापुढे!” दादा वाफ्यात वाकले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाले, “हळू हाण, सुमे. लोखंडाला ऐकू जातं.”

दसऱ्याला दादा नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. आम्ही त्या वर्षी गेलो नाही. खोकल्यापायी आईला गाडी सोसली नसती. दीक्षा घेतल्यावर दादांनी घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातानं गोदावरीत सोडले होते. आई तेव्हा रडली होती. देवांसाठी नाही, तिच्या सासूनं ते टाक मरताना तिच्या ओटीत घातले होते म्हणून. पण रडली होती, हे दादांच्या लक्षात राहिलं होतं. हत्याराला हळदकुंकू लावणं तर त्यांनी कधीच सोडलं होतं. “पुसणं हीच पूजा,” म्हणायचे. निघताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. “रोज एकदा उघडून बघ. हात लावू नको. परत आलो की गुलाबांची छाटणी.” वयाच्या तेराव्या वर्षी मला एवढी मोठी गोष्ट कुणी सोपवली नव्हती. मी डबा उशाशी घेतला.

खंडेनवमीला सकाळी मी बंगल्यावर गेले, काकूंनी बोलावलं होतं म्हणून. बघते तर त्यांनी पाटावर सगळी हत्यारं मांडलेली: कुदळ, खुरपी, विळा, वकीलसाहेबांचं पेन, अगदी शिलाई मशीनची सुईसुद्धा. “सगळं आहे गं,” काकू म्हणाल्या, “तुझ्या दादाची ती राजाची कात्री तेवढी नाही. मी तिला देव्हाऱ्यापाशी ठेवणार आहे, वेगळी, चांदीच्या ताटात. आण ना.”

देव्हाऱ्यापाशी. मी त्या घराचं स्वयंपाकघर कधी आतून पाहिलं नव्हतं. आणि आमची कात्री चांदीच्या ताटात बसणार होती. मी धावत घरी गेले, अशी की मधली सायकल मला आडवी आली आणि सायकलवालाच पडला. आईनं ओरडून विचारलं, “काय नेतीस गं?” “काही नाही!”

काकूंनी ती दारातच माझ्याकडून घेतली. आत जाता जाता थांबल्या. “पंचामृत घालू ना? गंजायची नाही ना गं?”

माझ्या आयुष्यात मी अगणित थापा मारल्या. त्यातल्या बहुतेकांनी लोक हसले, काहींनी मला नोकरी मिळवून दिली, एकीनं तर नवरा. पण त्या दारात मला खरं बोलायला जेवढी जागा होती तेवढी परत कुणी दिली नाही. “छे हो काकू,” मी म्हणाले. “समुद्र हरला तिच्यापुढे.”

दूध, दही, मध. वर हळदकुंकू. आणि दृष्ट लागू नये म्हणून पात्यांच्या मध्ये अर्धं लिंबू दाबून बसवलेलं, वर झेंडू. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं. दसऱ्याच्या संध्याकाळी काकूंनी ती पानात गुंडाळून माझ्या हातात दिली, वर सोनं म्हणून आपट्याचं पान, आणि म्हणाल्या, “अगं, थोडी तांबूस झालीय. राजाचं रक्त असेल.” त्या थट्टा करत होत्या. गोष्ट पुढे नेत होत्या बिचाऱ्या.

घराच्या मागच्या बाजूला जाऊन मी पान सोडलं. धारेवर लिंबानं खड्डे पाडले होते, मुंगीनं साखर खावी तसे. बाकी सगळं वीटकरी. मग मी ते केलं जे कुठलीही पोर करील: चिंच आणली, राख आणली, आणि तांब्या-पितळेसारखी ती घासली. डाग जाईनात म्हणून दादांचा दगड घेतला. बाहेरून घासली. आणि आतून. आतून तर अंगात आल्यासारखी. चकाकली, खरंच चकाकली. मिटून डोळ्यांपाशी धरली. उजेडाची रेघ नव्हती.

मागे आई उभी होती. मी सगळं सांगितलं; एवढं थोडक्यात मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकून खाली बसली. “देव्हाऱ्यात?” ती म्हणाली. “त्यांना कळलं ना, तर उद्या ते काम सोडतील. बंगल्याचं तोंड बघायचे नाय. आन् कामं काय झाडाला लागल्यात?” तिनं कात्री फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. “गप ऱ्हा. आता तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं.”

दादा तिसऱ्या दिवशी आले, हातात निळा झेंडा, डोळे जागरणानं लाल, फार खुश. डबा मागितला. उघडला. बाहेर उभं राहून त्यांनी कात्री उन्हात फिरवली, खिळ्यापाशी डोळा नेला, एकदा हुंगली. कण्हेरीचं एक पान तोडून पात्यांत धरलं. चिक्क झालं नाही. पान दुमडलं आणि पात्यांमध्ये अडकून राहिलं.

“कुणी?” दादांनी विचारलं.

आईनं मला गप राहायला सांगितलं होतं. तेवढंही मला जमलं नाही. “आईनं,” मी म्हणाले. “तिची कात्री भोथरी झाली होती. तिनं ओली पानं कापली.”

एवढी नीट बसणारी थाप मी पुन्हा कधी रचू शकले नाही. ओली पानं, गंज, सगळं जुळत होतं. आईचा हात सुपात थांबला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. मग ती दादांना म्हणाली, “व्हय. मीच कापली. घाईत होते.”

दादांनी फडक्यात कात्री गुंडाळली, डबा बंद केला, आणि छाटणीला बंगल्यावरची जुनी कात्री घेतली.

रविवार आला. दादांनी दगड काढला, पाणी शिंपडलं, आणि ती खराब झालेली कात्री घेऊन बसले. दुपारभर. आई सूप बाजूला ठेवून वाट बघत होती. चिंध्यांची कात्री तिनं आधीच पुसून ठेवली होती. दादांनी हात पसरला नाही. दगड धुतला आणि उठले. पुढच्या रविवारीही तसंच. भांडण नाही, शिवी नाही, जेवताना “मीठ दे” वगैरे नेहमीसारखं. पौर्णिमेला विहारात दोघं बरोबर जायची, ते मात्र बदललं. दादा पुढे निघून जायचे. आईनं दोनदा सायकलवरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली. त्याच्या चाकानं कात्री अशी काही तापली की नंतर ती पान कापेना, चावायला लागली. आईच्या अंगठ्याला घट्टा पडला, मग तो फुटला. “एवढा जीव त्या लोखंडात?” ती एकदा मला म्हणाली, अगदी सहज, भाकरी थापताना. “माझ्यापरीस सवत भारी निघाली गं.” मी म्हणाले, “आई, मी सांगते त्यांना.” “सांग. आन् मग बंगला सुटला की काय तुझ्या थापा शिजवून खायच्या?” आणि हसली, आणि ते हसू खोकल्यात गेलं.

असं दीड वर्ष. दुसऱ्या उन्हाळ्यात आई गेली. छातीत तंबाखूची धूळ बसली होती, डॉक्टर म्हणाले. आम्हाला ते ठाऊकच होतं, फक्त कुणी म्हणालं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात दादा तिच्या उशाशीच बसून होते, पाणी पाजत होते, पाय चेपत होते. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनी ‘गप’ म्हणायची. मी गप राहिले. तोंडाळ माणूस नेमकं नको तिथं गप राहतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, दादा दगडापाशी बसले असताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “दादा, आईनं पानं नव्हती कापली.”

“माहीत आहे मला.” त्यांनी मान वर केली नाही. “खिळ्याच्या फटीत हळद होती. पानं कापून हळद लागते होय?” पातं दगडावर फिरत होतं. “पूजा केली तिनं. मी नागपूरला, आणि इथं घरात हळदकुंकू. जुनं सुटत नाही माणसाचं, टाक सोडले तेव्हाच रडली होती. वाईट वाटलं फार. पण म्हटलं, तिनं झाकलंय ना, झाकू दे. बोलून कशाला उघडं पाडायचं तिला?”

म्हणजे ते न विचारणं ही त्यांनी तिच्यावर केलेली दया होती. आणि आई ती दया कात्रीपायीचा राग समजून गेली.

मी खाली बसले आणि सांगितलं. जहाज, समुद्र, चांदीचं ताट, लिंबू, चिंच, दगड. एक शब्द वाढवला नाही. सांगताना मला कळलं की खरी गोष्ट किती छोटी असते, आणि मध्ये कुठे श्वास घ्यायलाही जागा नसते.

दादांच्या हातातलं पातं थांबलं. समोरून कुणी ‘जय भीम’ करून गेलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. (दुसऱ्या दिवशीही ते बंगल्यावर गेले, गुलाब बिचाऱ्यांनी काय केलं होतं. पण तिथला चहा त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. काकूंना ‘पित्त होतं’ म्हणाले. त्यांचा कप कोनाड्यात तसाच उपडा राहिला.)

पातं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “शेवटी शेवटी तिच्या कात्रीला धार कोण लावायचं?”

“कुणी नाही. भोथरीच होती.”

ते उठले. फळीवरून आईची कात्री काढली, चिंध्या हळूहळू सोडल्या. आतल्या कड्या तिच्या बोटांनी झिजून पातळ झाल्या होत्या. दगडावर पाणी शिंपडलं. धारवाल्यानं जाळलेलं सगळं लोखंड काढता काढता त्यांची जेवणवेळ टळून गेली. मग एक थेंब तेल. मग त्यांनी आईच्या गठ्ठ्यातलं उरलेलं एक तेंदूचं पान घेतलं, ते हातातच चुरगळलं, कोरडं होतं. दुसरं पान त्यांनी भिजवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, तिच्यासारखंच, आणि उंबऱ्यापाशी तिच्या जागेवर मांडी घालून वाट बघत बसले. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा फडकं उघडलं. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि चार बाजूंनी कात्री फिरवली. दीड वर्षात पहिल्यांदा ती न चावता खर्र खर्र कापत गेली.

त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. “बघ. तिच्यासारखं जमलं?”

‘अगदी तिच्यासारखं’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते ओळखले, आणि गिळले.

“नाही, दादा. एका बाजूनं वाकडं झालंय.”

त्यांनी मान हलवली, आणि दुसरं पान भिजत घातलं.